धुता येणारा कागद

१

धाकटीला किळस यायची. कशाची, असं विचारू नका. कशाची येत नाही ते विचारा, यादी लवकर संपेल. दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, उष्ट्या कपाच्या काठावरची ओठांची खूण, बसमध्ये आधीच्या माणसाच्या बुडाने गरम झालेली सीट, सगळ्यानं तिच्या पोटात ढवळायचं. आणि नोकरी कुठे, तर कपडे ड्रायक्लीन करणाऱ्या दुकानात, काउंटरवर. आलेला कोट उलटा करायचा, डाग शोधायचा, कशाचा आहे ते ओळखायचं आणि चिठ्ठी लावायची. घाम, तेल, शाई, रक्त, उलटी. तिची नजर एकदा फिरली की डागाला लपायला जागा नसायची. लोक हसायचे, नाकाने कांदे सोलणारीला नोकरी बघा कुठे मिळाली. ती म्हणायची, "कपड्यात माणूस नसला की डाग नुसता डाग असतो. माणसासकट मला नको."

आणि अशा बाईनं एक दिवस सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आईला माझ्याकडे आणा.

झालं असं, की आईचं खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही. तेव्हापासून ती पलंगावर. इतकी वर्षं ती दादाकडे होती. दादानं आणि वहिनीनं केलं, आणि खोटं कशाला बोला, चांगलंच केलं. पण आता रोजचं पुसणं, कूस बदलणं, चादरी काढणं यात वहिनीची कंबर गेली. दादानं एक वृद्धाश्रम पाहून ठेवला. स्वच्छ, हवेशीर, पुढे बाग. "एक जागा रिकामी होतेय," तो म्हणाला, "आपण घेतली नाही तर दुसरं कुणी घेईल." आई पलंगावरून छताकडे बघत होती. तिला ऐकू येत नाही असं सगळे धरून चालले होते आणि तिला सगळं ऐकू येत होतं. धाकटीला ते दिसलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

दादानं बहिणीकडे पाहिलं. "तुला जमेल? तुला तिचा उष्टा कप विसळवत नाही."

"जमवेन."

"खोली दाखव मला आधी. ती तुमची मागची अडगळ असेल तर मी नाही पाठवणार. चांगली केलीस तर आणू. नाहीतर तिकडचे पैसे भरून टाकतो."

अट साधी होती. खोली नीट झाली तर आई घरी, नाहीतर आई बागेत.

२

घर तिसऱ्या मजल्यावरचं, दुसऱ्याच्या हातचं घेतलेलं. मागच्या खोलीत मोडकं टेबल, बंद पंखा आणि आधीच्या लोकांनी टाकून दिलेली एक गादी होती. भिंतींवर तपकिरी वॉलपेपर, कडांना सुटलेला. घर घेतल्यापासून त्या खोलीचं दार लावलेलंच असायचं, कारण आत वास यायचा. कसला, ते डाग हुंगून ओळखणाऱ्या या बाईलाही सांगता यायचं नाही. बंद खोलीला वास येतोच, म्हणून तिनं तो विषय सोडून दिला होता.

नवरा हिशेबाचा पक्का. दोघं वॉलपेपरच्या दुकानात गेली तेव्हा त्यानं खिशात वरचा आकडा ठरवूनच नेला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्याचं आवडतं वाक्य, आणि तो ते दर दुकानाच्या पायरीवर म्हणायचा.

दुकानदार स्वतःच कागद लावायलाही जायचा, त्याला सगळे कागदवालाच म्हणायचे. त्यानं नमुन्यांचे जाड गठ्ठे समोर उघडले. साधा कागद, कापडी, उठावाच्या नक्षीचा. "कापडी छान वाटतो, ऊबदार," असं म्हणत नवऱ्यानं मागची किंमत वाचली आणि पान हळूच उलटलं.

"हा धुता येतो," कागदवाला म्हणाला. पांढुरका कागद, त्यावर बारीक हिरवी पानं. "वरून प्लास्टिकचा थर आहे. चहा उडवा, तेल उडवा, ओलं फडकं फिरवलं की साफ."

"काहीही उडालं तरी?" धाकटीनं विचारलं.

"काहीही."

"हाच."

नवऱ्याला वाटलं हिला पानं आवडली. पानांकडे तिनं पाहिलंही नव्हतं. पलंगावरच्या म्हातारीच्या अंगातून काय काय उडेल आणि ते कसं पुसावं लागेल, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं होतं. स्वतःचीच लाज वाटली तिला, पण कागद तिनं तोच घेतला.

कागदवाला घरी माप घ्यायला आला. त्यानं विजेच्या बटणांजवळची सुटलेली कड नखानं उचलून दाखवली. तपकिरीच्या खाली निळा, निळ्याखाली पट्ट्यांचा, त्याच्याखाली फुलांचा, आणि खाली आणखीही काही होतं. "हे सगळं खरवडून काढायला हवं. मग पुट्टी, मग कागद. खरवडायचे वेगळे पडतील."

त्यानं आकडा सांगितला. नवऱ्यानं मनात बेरीज केली आणि त्याचा चेहरा पडला. "म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"वरूनही लावता येतो," कागदवाला खांदे उडवून म्हणाला. "यांनी सगळ्यांनी तेच केलंय. इतकी घरं बघितली मी, कुणी ना कुणी मधे एकदा तरी भिंत उघडी करतंच. इथे कुणी केलेली दिसत नाही."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं खाली लोंबणाऱ्या त्या थरांकडे पाहिलं. इतक्या अनोळखी लोकांचे कागद हातानं ओढून काढायचे, त्याचा चुरा घरभर उडायचा. तिच्या अंगावर काटा आला. "वरूनच लावा," ती म्हणाली.

३

तीन भिंती झटपट झाल्या. खोली उजळली, वासही कमी झाल्यासारखा वाटला. मागच्या भिंतीपाशी काम अडलं.

कागद अपुरा पडला. मापात चूक नको म्हणून कागदवाल्यानं एक रोल जास्तीचा आणला होता, तोही संपला आणि भिंतीच्या टोकाला तळहाताएवढी तपकिरी फट उरली. तो चक्रावला. शिडीवर चढून वर टेप लावली, माप बरोबर. खाली जमिनीलगत लावली, तेही बरोबर. मग त्यानं मध्यावर, छातीच्या उंचीवर टेप धरली आणि जीभ टाळूला लावून आवाज केला.

"पोट आलंय भिंतीला," तो म्हणाला. "वरखाली सरळ आहे, मधे फुगलीय. आधी बघितलं तेव्हा नव्हतं हो एवढं."

"ओल असेल," नवरा म्हणाला.

"पलीकडे न्हाणीघर आहे कुणाचं?"

पलीकडे काहीच नव्हतं. ती इमारतीची शेवटची भिंत. तिच्यामागे तीन मजले उंच मोकळी हवा होती आणि खाली गाड्या उभ्या राहायच्या. नवऱ्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून भिंतीची बाहेरची बाजू पाहिली. कोरडी होती, सपाट होती.

कागदवाल्यानं दुसऱ्या दिवशी आणखी एक रोल आणून फट बुजवली. जाताना त्यानं बेसिनवर हात धुतले, पुसले, वास घेतला आणि पुन्हा धुतले. धाकटी दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या कुणाला असं करताना ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

"खळ फार लागली," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. खळ म्हणजे कागद चिकटवायचं पातळ पीठ. "ती भिंत पिते. लावली की जिरते, पुन्हा लावली की पुन्हा जिरते. जास्तीच्या रोलचे राहू द्या, नकोत मला."

चहा ठेवलाय, असं ती म्हणेपर्यंत तो जिन्यावर पोचला होता. नवरा मात्र खूश. रोलचे पैसे वाचले, म्हणजे आईच्या पलंगाला चाकं बसवता येतील, असा त्यानं लगेच हिशेब मांडला.

४

डाग आठवडाभरात आला. मागच्याच भिंतीवर, पलंगावरच्या उशीची उंची असते साधारण तिथे. पिवळसर, मेणचट, कडेला गडद.

धाकटी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. चहाचा नव्हता, चहाला कड वेगळी येते. तेलाचा नव्हता, तेल पसरतं. खळीचा तर नव्हताच. आणि मग तिला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. असे डाग ती रोज बघायची, कोटांच्या कॉलरना आतून. मानेचा डाग होता तो. घाम, कातडीचं तेल आणि मळ मिळून होतो तो.

"तू टेकलास का इथे डोकं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी कशाला टेकू? तू मला खोलीत बूट घालून येऊ देत नाहीस."

तिनं ओलं फडकं फिरवलं. कागदवाला खोटं बोलला नव्हता, डाग साफ गेला. सकाळी परत आला, थोडा मोठा होऊन.

मग तिनं दुकानातून डाग काढायचं औषध आणलं. धंद्याची रीत अशी, की औषध आधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर लावून बघायचं, दिसणार नाही अशा जागी. तिनं हातमोजे चढवले, खाली कोपऱ्यात बसली आणि जमिनीलगत एक थेंब चोळला. कागद भिजला, फुगला आणि त्याचं टोक उठलं. तिनं ते चिमटीत धरून ओढलं. नवा कागद एकटा आला नाही. तपकिरी, निळा, पट्ट्यांचा, फुलांचा, सगळे एकदम उचलून आले, दुधावरची साय यावी तसे, ओले आणि कोमट.

खाली गिलावा नव्हता. फिकट, मऊ, बारीक छिद्रांचं काहीतरी होतं. छिद्राछिद्रातून बारीक केस होते आणि ते सगळे एकाच दिशेला पडलेले. तिनं हातमोज्यातलं बोट टेकवलं. ते ऊन होतं. आणि बोट लागताच केस उभे राहिले. एकदम सगळे, गार हात लागल्यावर आपल्या दंडावरचे राहतात ना, तसे.

ती बेसिनपर्यंत कशीबशी पोचली. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं, आणि मग नुसतं पाणी पडत राहिलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं नशीब. "बुरशी असेल. बुरशीला केसांसारखं येतं. नाहीतर पूर्वीचे गवंडी गिलाव्यात जनावरांचे केस मिसळायचे म्हणतात, पकड बसावी म्हणून. आणि भिंत ऊन असणारच की, दिवसभर ऊन खाते."

तिला ते पटलं. म्हणजे, पटवून घ्यायचं होतं म्हणून पटलं. मागच्या भिंतीवर ऊन कधी येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बघतोस का एकदा?"

"बघून काय करू? खरवडायला आत्ता पैसे नाहीत. दोन महिन्यांनी बघू." तो टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. तिनं वाटीत खळ कालवली, डोळे मिटले आणि ते उठलेलं टोक पुन्हा चिकटवून टाकलं.

५

दादा खोली बघायला येणार त्या सकाळी डाग ताटाएवढा झाला होता. पुसून उपयोग नव्हता, पुसतानाच परत उमटत होता.

दादाला ओल चालणार नाही. आईची छाती नाजूक. ओल दिसली की तो तिथूनच वृद्धाश्रमाला फोन लावणार, आणि ती जागा गेली की पुढची कधी मिळेल कुणास ठाऊक, म्हणजे तो थांबणारही नाही. धाकटीला आईची छताला लागलेली नजर आठवली. दोन महिने तिच्याकडे नव्हते.

तिनं आईसाठी आणलेल्या पलंगाच्या चाकाची कळ सोडली, पलंग मागच्या भिंतीला भिडवला आणि दोन मोठ्या उशा डागावर उभ्या केल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दादानं खोलीत फेरी मारली, खिडकी उघडून बघितली, कागदावर हात फिरवला. नशिबानं त्यानं हात फिरवला तो बाजूच्या भिंतीवर. "छान केलीस ग," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं. धुता येतो का हा?"

"येतो."

"हुशार आहेस."

दोन दिवसांनी आई आली. उचलून पलंगावर ठेवली तेव्हा तिनं खोलीभर नजर फिरवली, पानं पाहिली, आणि मुलीचा हात धरला. तिचे हात नेहमी दमट असायचे. धाकटीनं मनात दहापर्यंत मोजलं आणि मग हात सोडवून घेतला.

६

पहिले दिवस कठीण गेले. धाकटी सकाळी दुकानात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर आईचं सगळं करायची. करायची म्हणजे काय, हातमोजे घालून, श्वास रोखून, मान वळवून. आईच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या, त्यांचा वास तिच्या नाकातून दिवसभर जायचा नाही. दुकानात कोट हुंगताना तिला तोच यायचा. किती वेळा तिला वाटलं, दादाचं ऐकायला हवं होतं, आणि तितक्याच वेळा तिनं स्वतःला मनातल्या मनात चांगलं फैलावर घेतलं.

मग हळूहळू सोपं झालं. फारच सोपं झालं. जखमा भरत आल्या, भिंतीच्या बाजूच्या आधी. चादर कोरडी निघू लागली. काल घातलेली चादर आज काढावी तर इस्त्रीची घडी तशीच. आईचं अंग स्वच्छ, कोरडं, लहान मुलाला पावडर लावून ठेवल्यासारखं. पुसायला म्हणून फडकं घ्यावं तर पुसायला काही नाही.

आता माणूस खातंपितं म्हटल्यावर ते कुठेतरी जायलाच हवं. एवढी अक्कल धाकटीला होती. ते कुठे जातंय, हा प्रश्न तिच्या मनात रोज यायचा आणि रोज ती त्याला दारातूनच परत पाठवायची. उशांच्या मागे काय झालंय ते तिनं बघितलं नाही. पलंगाच्या वर जेवढी भिंत दिसायची तेवढी मात्र दिसायची, आणि तिथली पानं आता तुकतुकीत झाली होती. खोलीतला तो जुना वास परत आला होता. पण त्यातून आता आईचा वास वेगळा काढता यायचा नाही.

"पाठ दुखत नाही ना?" ती विचारायची.

"नाही ग. ऊब मिळते ना पाठीला."

दुपारी कधी शेजारीण डोकावून जायची. ती म्हणाली, तुमच्या आई सारख्या बोलत असतात कुणाशी तरी. धाकटीनं संध्याकाळी विचारलं, "कुणाशी बोलतेस दिवसभर?"

"भिंतीला कान असतात म्हणतात. मग चार शब्द बोलले तर काय बिघडलं?" आई हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली. मग तिचं लक्ष मुलीच्या हातांकडे गेलं. धाकटी हातमोज्यांची जोडी चढवत होती, एकेक बोट नीट ओढून.

"कशाला त्रास घेतेस एवढा," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "नको करूस." तिनं पाठीमागच्या भिंतीवर हात ठेवला. "हिला माझी किळस येत नाही."

धाकटीनं ते ऐकलं. आणि खरं सांगायचं तर आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग भीती वाटली, पण आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि ते पुढे तिच्या जिवाला लागून राहिलं. त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं, की कुठूनही पैसे उभे कर, ती भिंत खरवडायची. नवरा तिचा चेहरा बघून हो म्हणाला.

७

कागदवाला नाही म्हणाला. दुसरा शोधायला नवरा सकाळीच बाहेर पडला. धाकटी दुकानात गेली खरी, पण लक्ष लागेना, तीन कोटांना चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या, मग मालकिणीनंच घरी जा म्हणून सांगितलं.

भर दुपार होती. खोलीत छान उजेड पडला होता. आई कुशीवर होती, तोंड दाराकडे, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. उशा खाली जमिनीवर पडल्या होत्या. आई बारीक आवाजात हसत होती, पाठ खाजवून मिळताना माणूस हसतं तसं. तिच्या पाठीवरचा गाऊन हलत होता.

"आई, इकडे सरक."

"कशाला ग?"

धाकटीनं पलंगाचा कठडा धरला आणि जोर लावून ओढला. चाकं होती, पलंग सहज आला. पलंग आला, आई आली नाही.

आई तिथेच राहिली. तिच्या गुडघ्यांखाली तेवढी गादी होती. बाकी अंगाखाली पलंग आणि भिंतीमधली मोकळी फट होती, फटीतून खालची फरशी दिसत होती, आणि आई पडत नव्हती. तिची पाठ भिंतीला होती आणि भिंतीनं तिला धरलं होतं. तिच्या खांद्यांभोवती हिरवी पानं ताणून लांबट झाली होती.

धाकटीनं पलंग घाईघाईनं परत आत ढकलला. दुसरं काय करायचं तिला सुचलं नाही.

"न्यायचंय का मला इथून?" आईनं विचारलं. डोळे आता उघडे होते आणि त्यांत चांगली समज होती. "मग मागे हात घाल आणि सोडव. मी येते. तू हात घातलास तर येते मी, नाही म्हणणार नाही."

धाकटीची नजर दाराकडे गेली. हातमोजे स्वयंपाकघरात वाळत होते.

"ते नको," आई म्हणाली.

धाकटीनं उजवा हात आईच्या पाठीमागे घातला. कागद लागला नाही. जे लागलं ते ओलं होतं, ऊन होतं, केसाळ होतं आणि तिच्या हाताला जागा करून देत होतं. मनगटापर्यंत हात गेला. तिला आईच्या पाठीचा कणा लागला, एकेक मणी. आणखी थोडा पुढे घालून कोपर वळवलं असतं तर आई कवेत आली असती. हे तिला तेव्हाही कळलं होतं. तेवढ्यात मऊ, बिनदातांच्या हिरड्यांसारखं काहीतरी तिच्या बोटांवर मिटलं आणि चोखू लागलं.

तिनं हात हिसकून बाहेर काढला. आणि कपड्यांना पुसला. ठरवून नव्हे हो, हात आपोआप गेला, आयुष्यभर जसा जायचा तसा. पुसला आणि पुन्हा पुसला.

आईनं ते पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्यानं होणार नाही, माहीत होतं मला. तू आणलंस घरी, तेच पुष्कळ झालं." आणि जिला कित्येक महिन्यांत दुसऱ्याच्या मदतीशिवाय कूस बदलता आली नव्हती, ती आई आपली आपण वळली, भिंतीकडे तोंड केलं, कपाळ पानांना टेकवलं.

धाकटी स्वयंपाकघरात धावली. हातमोजे दोरीवरून ओढून काढले, चढवायला लागली, ओले होते, बोटं जाईनात. कसेबसे चढवून परत आली तेव्हा पलंगावर आईचा गाऊन होता आणि चादर होती, दोन्ही स्वच्छ, कोरडे. कागद कुठेही फाटलेला नव्हता. डाग नव्हता. भिंतीचं पोट आणखी पुढे आलं होतं आणि आत काहीतरी सावकाश, आरामात कूस बदलत होतं.

"आई," तिनं हाक मारली.

आतलं हलणं थांबलं. मग तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर कागद हळूहळू वर आला आणि तिथे गोलसर फुगवटा झाला. तळवा असेल, गाल असेल, पानांच्या आडून नीट कळत नव्हतं. तो तिच्याकडे आला आणि वाट बघत राहिला.

धाकटीनं हातमोजा काढला. हात उचलला. तळव्याला लांबूनच ऊब लागली, आईचा वास आला, तिच्या केसांचा, जखमांचा, दमट हातांचा. फक्त हात टेकवायचा होता. संध्याकाळी नवरा दुसऱ्या कागदवाल्याला घेऊन घरी आला, तेव्हा ती तशीच उभी होती, आणि हात भिंतीपासून चार बोटं लांब होता.